सणाचे ताट आणि आठवड्याचा हिशेब : वजन कमी करताना शिल्लक कॅलरींचे काय करावे?

रायपूर : श्रावणी अमावास्या आली की रायपूरमधील मराठी घरांत एकाच आठवड्यात तीन सण दारात उभे राहतात. अमावास्येला पोळा, पाठोपाठ तृतीयेला हरतालिका आणि चतुर्थीला गणपती. छत्तीसगडी शेजारी पोळ्याला ‘पोरा’ आणि हरतालिकेला ‘तीजा’ म्हणतात. उत्तरेकडील पंचांगाप्रमाणे त्यांच्याकडे ही अमावास्या भाद्रपदातली असते; दिवस मात्र तोच. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून आणि पुढे १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांताचा भाग म्हणून या शहराचे विदर्भाशी जे नाते राहिले, ते स्वयंपाकघरात अजून टिकून आहे. तात्यापारा किंवा चौबे कॉलनीतील एखाद्या घरी या दिवसांत पुरणपोळीच्या शेजारी ठेठरी आणि खुरमीचा डबा दिसला, तर त्यात नवल वाटत नाही.

वजन कमी करण्याचा प्रयत्न करणाऱ्यांची खरी अडचण अशाच आठवड्यात होते. रोजच्या आहाराला मर्यादा घालून घेतलेली व्यक्ती कधी १०० तर कधी १५० कॅलरी कमी खाते आणि मनाशी हिशेब मांडते, की ही शिल्लक सणाच्या ताटासाठी वापरता येईल. हा हिशेब बरोबर आहे का? अंकगणितापुरता तो बरोबर आहे. चूक होते ती शिल्लक मोजताना आणि ‘कधीतरी’ या शब्दाचा अर्थ लावताना.

दिवस नव्हे, आठवडा

आहाराच्या संदर्भात आपण ज्याला कॅलरी म्हणतो ती शास्त्रीय भाषेत किलोकॅलरी असते. या लेखात ‘कॅलरी’ हा शब्द त्याच अर्थाने वापरला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये जाहीर केलेल्या गरजांनुसार, बैठे काम करणाऱ्या ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला २,११० आणि ५५ किलो वजनाच्या स्त्रीला १,६६० कॅलरी लागतात. हे प्रमाण संदर्भासाठी मानलेल्या निरोगी व्यक्तींचे आहे. प्रत्यक्षात वय, उंची, वजन आणि हालचाल यांनुसार ते बदलते.

एक उदाहरण घेऊ. वय ३५, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ७० किलो, काम बैठे, अशी एक गृहिणी किंवा कार्यालयीन कर्मचारी. मिफ्लिन-सेंट जिओर या १९९० मधील प्रचलित सूत्राने तिची पूर्ण विश्रांतीतील गरज साधारण १,३३० कॅलरी येते आणि थोड्याफार हालचालीसह दिवसाचा एकूण खर्च १,८०० च्या आसपास जातो. तिने रोज १,४०० कॅलरींचा आहार ठरवला, तर दिवसाला ४०० आणि आठवड्याला २,८०० कॅलरींची तूट पडते. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० कॅलरी. म्हणजे आठवड्याला साधारण ३५० ग्रॅम वजन उतरावे. आठवड्याला अर्धा किलोपर्यंतची घट सुरक्षित समजली जाते आणि वजन घटवण्याचा आहारही दिवसाला १,००० कॅलरींखाली जाऊ नये, असे पोषण संस्थेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. ही गती त्या चौकटीत बसते.

आता याच स्त्रीने सहा दिवस १,४०० ऐवजी १,३०० कॅलरी घेतल्या, तर ६०० शिल्लक राहतात. सातव्या दिवशी ती २,००० कॅलरी खाऊ शकते. आठवड्याची बेरीज दोन्ही प्रकारे ९,८०० येते आणि तुटीला धक्का लागत नाही. शरीर रात्री बाराच्या ठोक्याला खाते बंद करून नवे उघडत नाही. चरबीचा साठा अनेक दिवसांच्या आवक-जावकीवर ठरतो. त्यामुळे आठवडा हे एकक धरणे शास्त्राला सोडून नाही.

मात्र या ६०० कॅलरींत नेमके काय बसते, ते पाहायला हवे. पुरणपोळीचे मोजमाप घटकांवरून करता येते. एका पोळीत ३० ग्रॅम चणाडाळ, ३० ग्रॅम गूळ, ३० ग्रॅम कणीक आणि वर एक लहान चमचा तूप धरले, तर पहिल्या तिन्हींच्या प्रत्येकी शंभरेक आणि तुपाच्या ४५, अशा मिळून साधारण ३५० कॅलरी होतात. दोन पोळ्यांच्या ७००, वाढून घेतलेल्या दोन चमचे तुपाच्या ९०, कटाच्या आमटीच्या १००, वाटीभर भाताच्या १९० आणि चार भज्यांच्या २०० धरल्या, की पोळ्याचे ताट १,२८० वर जाते. दोन हजारांच्या दिवसात ते बसते. सकाळच्या न्याहारीला ३०० आणि रात्रीच्या जेवणाला ४२० उरतात. याचा अर्थ असा, की सहा दिवस काटेकोर राहिल्यावर एक सणाचे जेवण मिळते, तेही उरलेला दिवस साधा ठेवला तर. तीन सण एकाच आठवड्यात आले, तर शिल्लक एकाच ताटापुरती आहे, हे आधी मान्य करावे लागते.

ताटापेक्षा डबा जड

या शहरात सणाच्या जेवणापेक्षा मोठा प्रश्न सणानंतरच्या डब्याचा आहे, आणि आहारविषयक सल्ल्यांत त्याची दखल क्वचितच घेतली जाते. ठेठरी म्हणजे बेसनाची तळलेली, खारी, पीळ दिलेली कांडी. खुरमी म्हणजे कणीक आणि गुळाची तळलेली गोड वडी. दोन्ही कोरड्या, टिकाऊ. तीजाला माहेरी गेलेल्या लेकी-सुना परतताना त्यांच्याबरोबर हे पदार्थ घरोघर पोहोचतात आणि पुढचे आठ-पंधरा दिवस चहाबरोबर खाल्ले जातात. तळलेल्या बेसनाच्या पदार्थांत १०० ग्रॅममागे ५०० हून अधिक कॅलरी असतात. म्हणजे ४० ग्रॅमची एक मूठ साधारण २०० कॅलरींची. सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशा दोन मुठी आठवडाभर खाल्ल्या, तर बेरीज २,८०० होते. वरच्या उदाहरणातील स्त्रीची आठवड्याची संपूर्ण तूट एवढीच होती. ताटात वाढलेल्या पुरणपोळीचा हिशेब तिने ठेवलेला असतो. मुठीचा कोणी ठेवत नाही.

तळणीचे तेल मोजणे अवघड वाटते, पण घरी त्याची एक सोपी रीत आहे. कढईत ओतण्यापूर्वी तेल वजनकाट्यावर मोजावे आणि तळण संपल्यावर उरलेले थंड झालेले तेल पुन्हा मोजावे. जो फरक येईल तेवढे तेल पदार्थांत गेले. एका ग्रॅमला नऊ कॅलरी धरून त्याला नगांनी भागले, की एका ठेठरीतील तेलाच्या कॅलरींचा आकडा हाती येतो. पुस्तकातल्या कोणत्याही तक्त्यापेक्षा तो त्या घरापुरता अधिक खरा असतो. महिन्याचा अंदाजही असाच घेता येतो. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल, तर माणशी दिवसाला ३० ग्रॅम, म्हणजे २७० कॅलरी फक्त तेलातून जातात. पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांतील २,००० कॅलरींच्या नमुना ताटात तेल-तुपासाठी दिवसाला २७ ग्रॅम धरले आहेत. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘मन की बात’मधून तेल दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले होते. वरच्या घरात ते पाळले, तर माणशी आठवड्याला सुमारे १९० कॅलरी वाचतात. सणाच्या ताटासाठी लागणाऱ्या ६०० पैकी जवळजवळ एक तृतीयांश शिल्लक एकही घास कमी न करता उभी राहते.

शिल्लक खरी आहे का?

रोज १०० कॅलरी वाचवल्या, असे वाटणे आणि त्या वाचणे यांत मोठे अंतर असते. भाजीत पडलेला एक मोठा चमचा तेल सुमारे १२० कॅलरींचा असतो; वाचवलेल्या १०० त्यात बुडून वर २० जातात. न्यूयॉर्कमधील संशोधकांनी १९९२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत आजही उद्धृत केला जातो. ‘कितीही कमी खाल्ले तरी वजन उतरत नाही’ अशी तक्रार असलेल्या लठ्ठ व्यक्तींचा प्रत्यक्ष आहार आणि त्यांनी सांगितलेला आहार संशोधकांनी ताडून पाहिला. या व्यक्तींनी आपला आहार सरासरी ४७ टक्क्यांनी कमी आणि शारीरिक हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त सांगितली होती. त्यांच्या चयापचयात दोष आढळला नाही. त्यांनी जाणूनबुजून खोटे सांगितले, असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. चाखणे, मुलांच्या ताटातले संपवणे, आग्रहाचा अर्धा लाडू या गोष्टी जेवण म्हणून लक्षातच राहत नाहीत.

व्यायामातून मिळालेली शिल्लक तर आणखी कच्ची. तेलीबांधा तलावाच्या काठी संध्याकाळी चालणाऱ्यांच्या मनगटावर आता घड्याळे असतात आणि ती खर्च झालेल्या कॅलरींचा आकडा दाखवतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये अशा सात उपकरणांची चाचणी घेतली. हृदयाचे ठोके बहुतेकांनी ठीक मोजले, पण ऊर्जेच्या खर्चात सर्वांत अचूक उपकरणाचीही चूक सरासरी २७ टक्के आणि सर्वांत वाईट उपकरणाची ९३ टक्के निघाली. सत्तर किलोची व्यक्ती पाच किलोमीटर चालली, तर बसून राहण्यापेक्षा तिचा जादा खर्च साधारण १७० ते २०० कॅलरींचा असतो. दोन समोसे खाण्याइतका तो नक्कीच नाही. चालावे ते हृदयासाठी, रक्तातील साखरेसाठी, झोपेसाठी. त्यातून मिळालेल्या कॅलरी सणासाठी जमा धरू नयेत, हेच व्यवहाराला धरून आहे.

उपाहारगृहांबाबत निदान मोठ्या साखळ्यांपुरती सोय आहे. केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या खाद्यगृहांनी मेन्यूवर कॅलरी दाखवण्याचा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०२२ पासून लागू आहे. गोल बाजारातील मिठाईच्या दुकानाला किंवा कोपऱ्यावरच्या भजीवाल्याला तो लागू नाही. तेथे अंदाजावरच काम चालते आणि अंदाज करताना आकडा थोडा चढाच धरलेला बरा.

आदल्या दिवशीची उपासमार

‘रात्री जेवण आहे, म्हणून दिवसभर काही खाल्ले नाही,’ हे वाक्य लग्नसराईत कुठेही ऐकू येते. वाचवण्याची ही सर्वांत प्रचलित आणि सर्वांत वाईट रीत आहे. सहा दिवसांवर पसरलेली १०० कॅलरींची काटछाट शरीराला फारशी जाणवत नाही. एका दिवसात ८०० ची काटछाट केली, तर पंगतीत बसताना भूक निर्णय घेऊ लागते.

त्यामागे मानसशास्त्रही आहे. हर्मन आणि मॅक या संशोधकांनी १९७५ मध्ये केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. काही जणींना आधी मिल्कशेक देण्यात आला आणि नंतर आइस्क्रीमची चव घेऊन मत देण्यास सांगण्यात आले. ज्यांचा आहारावर एरवी फारसा संयम नव्हता, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले. संयम पाळणाऱ्यांचे उलटे झाले. मिल्कशेकने नियम एकदा मोडल्यावर त्यांनी आइस्क्रीम अधिक खाल्ले. ‘आता मोडलेच आहे, तर होऊन जाऊ दे,’ ही वृत्ती मराठी घरांना नवी नाही. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण त्याच अनुभवातून आलेली दिसते. उपवासाच्या साबुदाणा खिचडीचा हिशेब केला, तर म्हणीतील नेमकेपणा कळतो. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्याच्या ३५०, ३० ग्रॅम दाण्याच्या कुटाच्या १६० आणि १५ ग्रॅम तुपाच्या १३५ अशा मिळून ६४५ कॅलरी होतात. वरण-भात-भाजी-पोळीचे साधे जेवण ५०० च्या आसपास आटोपते.

सणाचे ताट आधीच ठरवलेले असले, तर ते नियमातच बसते आणि मोडण्याचा प्रश्न येत नाही. आधी शिल्लक टाकून मग खाणे आणि खाऊन झाल्यावर प्रायश्चित्त म्हणून उपाशी राहणे, यांची बेरीज कागदावर सारखीच दिसते. परिणाम सारखा होत नाही. नंतरच्या उपासमारीतून पुढची ओढ तयार होते आणि हे चक्र काहींच्या बाबतीत खाण्याच्या विकारापर्यंत जाते.

तीजाची रीत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. उपवासाच्या आदल्या रात्री कारल्याची भाजी आणि भात, म्हणजे ‘करू भात’, खाण्याची प्रथा आहे. त्यानंतर दुसरा दिवस निर्जळी आणि मग चतुर्थीला उपवास सोडताना आप्तांकडे फराळ. व्रताचा हेतू अर्थातच वेगळा आहे. वजनाच्या हिशेबात एक दिवस पूर्ण उपाशी आणि दुसऱ्या दिवशी भरपूर, या धर्तीच्या आहारावर मात्र संशोधन झाले आहे. शिकागोमध्ये १०० जणांवर वर्षभर चाललेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाने एक दिवस गरजेच्या २५ टक्के आणि दुसऱ्या दिवशी १२५ टक्के कॅलरी घ्यायच्या होत्या, तर दुसऱ्या गटाने रोज सारखाच कमी आहार घ्यायचा होता. वर्षअखेर दोन्ही गटांच्या वजनघटीत लक्षणीय फरक नव्हता. मात्र एकाआड एक दिवस उपवास करणाऱ्या गटातून ३८ टक्के लोक मध्येच बाहेर पडले, दुसऱ्या गटातून २९ टक्के. जे टिकले, त्यांनीही उपवासाच्या दिवशी ठरल्यापेक्षा जास्त खाल्ले. चढ-उतार जितका तीव्र, तितका तो निभावणे कठीण, एवढे यातून दिसते.

शनिवार-रविवारचा अनुभव याला पूरक आहे. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या २००८ मधील अभ्यासात कमी आहार घेणाऱ्यांचे वजन आठवड्याच्या कामाच्या दिवसांत उतरत होते आणि सुट्टीच्या दिवशी थांबत होते. वजन उतरवून ते टिकवणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या तेथील राष्ट्रीय नोंदवहीतही असेच आढळले. आठवडाभर सारखाच आहार ठेवणाऱ्यांचे वजन पुढे स्थिर राहण्याची शक्यता, सुट्टीच्या दिवशी सैल सोडणाऱ्यांपेक्षा सुमारे दीडपट होती. त्यामुळे दर आठवड्याची ठरलेली चैन आणि वर्षातले मोजके सण यांत फरक करायला हवा. आठवड्यातून एकदा ६०० कॅलरींपर्यंतची सूट पेलते. तीच सूट शुक्रवारच्या रात्री सुरू होऊन रविवारच्या रात्री संपणार असेल, तर वजन जागीच राहते.

‘एक दिवस भरपूर खाल्ले की मंदावलेला चयापचय पुन्हा वेग घेतो,’ असा दावा व्यायामशाळांत हमखास ऐकू येतो. भरपूर खाल्ल्यावर शरीराचा खर्च थोडा वाढतो, पण खाल्लेल्या जादा कॅलरींच्या तुलनेत ती वाढ किरकोळ असते. या दाव्याच्या समर्थनार्थ ऑस्ट्रेलियात झालेल्या ‘मॅटाडोर’ चाचणीचा दाखला दिला जातो. त्यात दोन आठवडे कमी आहार आणि दोन आठवडे विश्रांती घेणाऱ्या पुरुषांचे वजन सरासरी १४.१ किलो उतरले, सलग कमी आहार घेणाऱ्यांचे ९.१ किलो. पण त्या विश्रांतीत मेजवानी नव्हती. शरीराला लागेल तेवढाच मोजून दिलेला आहार होता, आणि विश्रांतीचे आठवडे धरून त्या गटाचा एकूण काळही जवळजवळ दुप्पट होता. नंतरच्या अशाच काही चाचण्यांत हा लाभ दिसलाही नाही.

दुसऱ्या दिवशीचा काटा

सणाच्या दुसऱ्या दिवशी वजन एक-दीड किलोने वाढलेले दिसते आणि अनेकांचा प्रयत्न त्याच सकाळी संपतो. ती वाढ चरबीची नसते. एक किलो चरबी साठायला गरजेपेक्षा ७,७०० कॅलरी जास्त खाव्या लागतील. एका ताटात ते शक्य नाही. भात-गूळ-पोळीतून आलेली साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साठवते आणि एका ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. मिठामुळेही पाणी साचते, शिवाय आतड्यात अन्नाचे वजन असतेच. तीन-चार दिवसांत हे उतरते. म्हणून सणाच्या दुसऱ्या दिवशी वजन पाहूच नये आणि एरवीही एका दिवसाच्या आकड्यापेक्षा आठवड्याची सरासरी पाहावी.

वजन उतरत गेले की हिशेबाची पाटीही बदलते. तीच स्त्री ७० वरून ६० किलोवर आली, तर सूत्राप्रमाणे तिची विश्रांतीतील गरज १०० कॅलरींनी आणि एकूण खर्च सुमारे १३५ कॅलरींनी घटतो. जुन्याच १,४०० वर राहिल्यास तूट ४०० वरून २६५ होते. सुरुवातीला निभावलेले सणाचे ताट सहा महिन्यांनी का जड पडते, याचे उत्तर यात आहे. दर चार-पाच किलोंनंतर आकडे नव्याने मांडणे त्यामुळे आवश्यक ठरते.

काटछाटीच्या दिवशी काय खावे, याबाबत छत्तीसगडच्या स्वयंपाकघरात चांगले पर्याय आहेत. तांदळाच्या पिठाचा वाफवलेला फरा, कमी तेलातला चिला, भरपूर पालेभाज्या. महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारातील ‘गढ कलेवा’मध्ये ठेठरी-खुरमीबरोबर हे पदार्थही मिळतात. उन्हाळ्यातील बोरे बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, कांदा आणि चटणीबरोबर खातात. राज्य सरकारने २०२२ मध्ये १ मे रोजी ‘बोरे बासी दिवस’ साजरा केल्यापासून त्याची चर्चा वाढली. पाण्यात भिजल्याने भाताच्या कॅलरी नाहीशा होत नाहीत. फायदा इतकाच, की पाण्यामुळे पोट लवकर भरते आणि फोडणीचे तेल वाचते. काटछाट भात, पोळी आणि तेलात करावी. डाळ, दूध, दही, अंडी यांत करू नये. प्रथिने कमी पडली, तर चरबीबरोबर स्नायूही घटतात आणि भूकही लवकर लागते.

मराठी वाचकांपैकी अनेकांनी मोजदाद सोडून वेगळी वाट धरली आहे. नागपूरचे दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून प्रेरणा घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी लोकप्रिय केलेल्या पद्धतीत दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांत जेवायचे असते. त्यांचा भर कॅलरींपेक्षा इन्सुलिनवर आहे. ज्यांना आकडे ठेवणे जमत नाही, त्यांना खाण्याच्या वेळा कमी करणे सोपे जाते. चहाबरोबरची ठेठरीची मूठ या पद्धतीत आपोआप गळते, हा तिचा मोठा व्यावहारिक फायदा. दोन्ही जेवणे सणाची झाली, तर मात्र वेळेचे बंधन पुरे पडत नाही.

कोणी हा प्रयोग करू नये

शिल्लक टाकण्याचा हा हिशेब गर्भवती आणि स्तनदा माता, वाढीच्या वयातील मुले, तसेच खाण्याच्या विकाराचा पूर्वेतिहास असलेल्या व्यक्तींसाठी नाही. भारतीयांसाठी शरीर वस्तुमान निर्देशांक २३ च्या पुढे गेल्यावर वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरला जातो. निर्देशांक त्याखाली आणि कंबरेचा घेरही मर्यादेत, म्हणजे पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असेल, तर कॅलरी वाचवण्याचे कारणच नाही. कुपोषण आणि लठ्ठपणा शेजारी-शेजारी असलेल्या राज्यात हे मुद्दाम सांगावे लागते.

मधुमेहींनी विशेष काळजी घ्यावी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक आहे. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्यांनी जेवण टाळले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीवर उतरू शकते आणि सणाच्या ताटानंतर ती झपाट्याने चढते. त्यांनी औषधाच्या मात्रेत बदल डॉक्टरांना विचारूनच करावा. सिकलसेल हा आजार छत्तीसगड आणि विदर्भ या दोन्ही पट्ट्यांत आढळतो. शरीरातील पाणी कमी झाले, की या रुग्णांना तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. त्यामुळे सिकलसेलच्या रुग्णाने तीजा असो वा हरतालिका, निर्जळी उपवास करू नये. व्रत पाळायचेच असेल, तर दिवसभर पाणी घेत राहावे.